प्रश्न तुमचे, कानही तुमचेच

दिवाळी जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ‘खरखर येते, काय करू’ विचारणारी माणसं ‘कोणता घेऊ’ विचारायला लागतात. सोयाबीन घरात आलेलं असतं, बोनसची कुजबुज असते आणि फोनवर महासेलचा दणका सुरू झालेला असतो. परभणीत स्टेशन रोडला रेडिओ आणि अँप्लिफायर खोलण्यात माझी उमर गेली, त्यामुळे हा हंगाम मी काउंटरच्या आतून बघत आलोय. या महिन्याची चारही पत्रं एकाच वळणाची आहेत. पहिल्याला ऐसपैस उत्तर देतो, त्यात बाकीच्यांचंही बरंच येऊन जाईल.

प्रश्न : मी उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वय ४६. चार वर्षांपूर्वी ५० वॅटचा स्टीरिओ अँप्लिफायर आणि दोन लहान स्पीकर घेतले. किशोरीताई, भीमसेनजी, कुमारजी हेच माझं ऐकणं. तेव्हा घरात मैफल आल्यासारखं वाटलं होतं. मग डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून अँप्लिफायरला देणारा डबा) बदलला, मग स्टँड घेतले. प्रत्येक वेळी पंधरा दिवस मन भरतं आणि पुन्हा हुरहुर सुरू. आता १०० वॅटचा सव्वा लाखाचा अँप्लिफायर डोक्यात बसलाय. त्यासोबत १४ हजारांची स्पीकर वायर घ्या, असंही दुकानदार म्हणतो. बायको काही बोलत नाही, तेच जास्त टोचतं. खोली वरच्या मजल्यावर, १० बाय १२, स्लॅबची. हा मोह आवरायचा कसा? की एकदाचा घेऊनच टाकू?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : सर, घेऊन टाकल्याने प्रश्न मिटत असता तर डॅक आणला तेव्हाच मिटला असता.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वॅट आहेत, किंमत आहे, वहिनींचं गप्प राहणंही आहे. आवाजात काय खटकतं, ते मात्र कुठेच नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न असायचा, ‘काय होतंय?’ जो सांगायचा, ‘डग्गा वाजला की मागे भूम्म राहतो’, त्याचं काम व्हायचं. जो सांगायचा, ‘तसं काही नाही हो, पण अजून मोकळं पाहिजे’, त्याला मी चहा पाजून परत पाठवायचो. ‘मोकळं’, ‘खुललेलं’, ‘पडदा बाजूला झाल्यासारखं’ ही भाषा कानातून आलेली नसते. ती फोनवर रात्री अकरा वाजता बघितलेल्या व्हिडिओतून आलेली असते.

तेव्हा आधी एक वही करा. ऐकताना काही खटकलं तर तिथेच लिहायचं : कोणतं गाणं, कुठली जागा, काय झालं. ‘तिसऱ्या मिनिटाला तारसप्तकात स टोचला.’ ‘तानपुरा डावीकडेच ऐकू येतो.’ ‘तबला मागे, डग्गा पुढे.’ अशी ओळ जमली तर ती तक्रार. तिला इलाज असतो, आणि दहातल्या आठ वेळा तो अँप्लिफायरमध्ये नसतो. ओळ जमत नसेल तर तुम्हाला जे हवंय ते दुकानात मिळणारं नाही. आणखी एक नोंद करा : घ्यावंसं वाटलं तेव्हा तुम्ही काय करत होता? गाणं ऐकताना ही हुरहुर लागलेला माणूस मला फार क्वचित भेटलाय. ती लागते गाणं बंद असताना, फोन हातात असताना.

आता वॅटचा हिशोब. ५० चे १०० वॅट म्हणजे आवाज दुप्पट, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबलने. ‘जरा मोठा झाला’, एवढंच कानाला कळतं. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे तुमच्या ५० वॅटच्या दुप्पट आवाज पाहिजे तर ५०० वॅट आणा. पण तुम्ही ५० तरी वापरता का? लहान स्पीकर बहुधा १ वॅटला एक मीटरवर ८५-८६ डेसिबल देतात. तुमच्या खोलीत दोन्ही स्पीकर मिळून, बसायच्या जागेवर, १ वॅटलाच ऐंशीच्या पुढे आवाज जातो. घरात आपण ऐकतो सत्तर-पंच्याहत्तरला. म्हणजे ख्याल रंगात आलेला असताना तुमचा अँप्लिफायर सरासरी एक दशांश वॅट देत असतो. तबल्याची एखादी थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली, तर त्या क्षणाला शंभरपट लागतं, म्हणजे १० वॅट. उरलेले ४० आजही खुर्चीवर बसून आहेत. त्यांच्या जोडीला आणखी ५० आणून बसवायचे, त्याचे सव्वा लाख.

वायरीचंही तसंच. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर जायला, पाच मीटर यायला, एवढ्या लांबीचा तिचा विरोध एक दशांश ओहमच्याही आत राहतो. समोर स्पीकर ८ ओहमचा. १४ हजारांची वायर यात काय वाढवणार? वायरीचं टोक मात्र दर वर्षी बघत जा. तांबं काळं पडलेलं असेल तर तेवढं कापायचं, नवं टोक सोलायचं आणि स्क्रू घट्ट करायचा. याला पैसे पडत नाहीत म्हणून कोणी करत नाही.

वायरीवरून आठवलं. जिंतूरकडचे एक गृहस्थ ‘अँप्लिफायरचा आवाज पडला, एक्स्चेंजमध्ये काय देता’ म्हणत आले होते. खालचा आवाज गायब, गाणारा समोर न वाटता खोलीभर विखुरलेला. मी विचारलं, ‘घरी रंगकाम झालं का?’ झालं होतं. रंगाऱ्याने वायरी काढल्या आणि परत लावताना एका स्पीकरची लाल-काळी उलटी लावली. एका स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढे येताना दुसऱ्याचा मागे जायचा आणि खालचे सूर एकमेकांना मारायचे. तपासायची युक्ती सोपी आहे. वायर अँप्लिफायरच्या बाजूने सोडवायची आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकांना क्षणभर टेकवायचा, प्लस लाल वायरीला. टक् असा आवाज येतो आणि वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाचा, कोन बाहेर सरकतो. दोन्ही स्पीकरचे कोन बाहेर आले पाहिजेत. एकाचा आत गेला तर त्याची वायर उलटी आहे. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, वूफरची जाळी तेवढी काढावी लागते.

आता मुख्य जागेवर येतो. तुमचा खरा दोष अँप्लिफायरात असेल असं मला वाटत नाही, तो खोलीत आहे. १० बाय १२, वर स्लॅब, खाली बहुतेक शहाबादी नाहीतर टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा शेपटा राहिला तर समजा, किशोरीताईंच्या प्रत्येक मुरकीमागे तोच शेपटा लागतोय. आमच्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात. पण जर्मनीहून आणलेला स्पीकरही परभणीच्या स्लॅबच्या खोलीत बसवला की खोली म्हणेल तसाच वाजतो.

तुम्ही मास्तर आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानाच्या दालनात प्राध्यापक काय बोलतात ते पोरांना कळेनाच. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे निस्तरायला सांगितलं. त्याने काय केलं? जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, दालनात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून घुमणं किती वेळ टिकतं ते घड्याळाने मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं, याचं सूत्र त्यातून निघालं आणि सभागृहाच्या ध्वनीचं शास्त्र तिथून उभं राहिलं. पुढे १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच हिशोबाने बांधला. आजही जगातल्या नामी सभागृहांत त्याची गणना होते.

गाद्यांचं काम आपल्याकडे गोधड्या करतात. घरात जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या पडून असतीलच. आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या खुर्चीत बसा आणि लेकराला सांगा, बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत ने. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्या कानात येतो. तिथे गोधडी दुहेरी करून टांगा. दोन्ही बाजूंना. समोर फरशीवर जाड सतरंजी. खुर्चीमागे पुस्तकांचं कपाट असेल तर छानच, पुस्तकं उंचसखल असू द्या. मग परत टाळी वाजवा.

गोधडीने वरचे आणि मधले सूर आवरतात, खालच्यांना ती पुरत नाही, हेही सांगतो. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो. त्यांच्या दुपटीचेही अडकतात, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच टापूत येतो. स्पीकर कोपऱ्यात असतील तर हा भूम्म अजून फुगतो. स्टँड घेतलेच आहेत, तर ते मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, कोपऱ्यापासूनही लांब. तुमची खुर्ची भिंतीला टेकलेली असेल तर तीही दोन फूट पुढे घ्या. भिंतीशी हा फुगवटा सगळ्यात जास्त असतो. एक फूट सरकवा, ऐका, अजून सरकवा. एका रविवारच्या सकाळचं काम आहे, आणि डॅक बदलून जो फरक पडला असेल त्याच्यापेक्षा हा मोठा निघेल, हे मी लिहून देतो.

आणि कूलरचं काय? आपल्याकडे मार्च ते जून कूलर चालतो. तो खोलीत साठ डेसिबलच्या आसपास गरगरत असतो आणि आपण सत्तरला गाणं ऐकतो. तानपुऱ्याची जवारी, गाणाऱ्याचा श्वास, आलापीतला हलका ठहराव, म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी लोक लाख-लाख घालतात, ते सगळं त्या गरगरीखाली दबलेलं असतं. मे महिन्यात कोणतंही उपकरण पारखू नका. रात्री भिंती जरा निवल्या की कूलर बंद करून अर्धा तास ऐका.

इतकं करूनही शंभर वॅटवाला डोक्यातून जाईना, तर त्याची परीक्षा घ्या, पण दुकानात नको. दुकानात महाग सेट एक चिमूटभर मोठा लावलेला असतो. अर्धा-एक डेसिबलने मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. ओळखीचा विक्रेता असेल तर दोन दिवस घरी आणू देतो. दोन्ही अँप्लिफायरांवर २००-३०० हर्ट्झचा एक सलग सूर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टला ठेवा आणि दोन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. सूर याहून वरचा घेऊ नका, स्वस्त मल्टिमीटर तिथे नीट मोजत नाहीत. मग अँप्लिफायरांवर चादर टाका. वहिनींना सांगा, मनाला येईल तसा बदल आणि कधी कधी बदलल्यासारखं करून तोच ठेव. वायर बदलायला एखादा मिनिट लागतो आणि तेवढ्यात मागचा आवाज कानातून निसटतो. म्हणून एकच छोटी जागा लावायची, दोन ओळींची बंदिश. तुम्ही फक्त लिहायचं, आत्ता कोणता वाजतोय. वीस वेळा करा. दहा-अकरा बरोबर आले तर तुम्ही छापा-काटा खेळताय. अठरा आले तर मात्र फरक खरा आहे आणि मग माझं तोंड बंद.

‘नो-कॉस्ट ईएमआय’चं गाजर दाखवतील. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. ते व्याज प्रक्रिया शुल्कात तरी लपतं, नाहीतर रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत. दुकानदाराला सरळ विचारा, आज सगळे पैसे मोजले तर किती कमी करता? जो आकडा येईल तेच व्याज.

वहिनींच्या गप्प राहण्याबद्दल मी काय बोलू? त्यांना त्या चादरीच्या खेळात घ्या, एवढंच.

प्रश्न : आमच्या ह्यांना आवाजाच्या वस्तूंचं वेड आहे. टेपडेक, दोन होम थिएटर, आता साउंडबार. माळ्यावर नुसती खोकी. काढू म्हटलं तर ‘विकताना खोकं लागतं’ म्हणतात, विकत मात्र काहीच नाहीत. भांडून झालं. दुसरा काही उपाय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : वहिनी, ‘विकताना खोकं लागतं’ हे त्यांचं खरं आहे. तोच धागा पकडा. घरात एकच नियम करा : जुनी वस्तू विकून पैसे हातात आल्याशिवाय नवी आणायची नाही. एक्स्चेंज नाही, रोख विक्री. जाहिरात त्यांनीच टाकायची, फोन त्यांनीच घ्यायचे, ‘शेवटचं किती?’ विचारणाऱ्याशी त्यांनीच घासाघीस करायची. तीस हजारांच्या होम थिएटरला कोणी पाच म्हणालं की माणसाला जे कळतं, ते बायकोने वर्षभर सांगून कळत नाही. बरं, विकली गेलीच तर माळा रिकामा होतो, तोही फायदाच.

विकायच्या आधी रिमोट, अडॅप्टर आणि बिल एका पिशवीत घालून ठेवा. नांदेडसारख्या गावात बिल असलेल्या मालाला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

एक विचारू का? या सगळ्या यंत्रांवर तुमच्या आवडीचं शेवटचं कधी वाजलं? मला अशी बरीच घरं माहीत आहेत, जिथे सेट चालू करायला चार रिमोट लागतात आणि ते फक्त एकाच माणसाला जमतं. त्यांना म्हणावं, दुपारी मला एका बटणावर अभंग लागले पाहिजेत, तसं करून द्या. ज्यांना वस्तूंशी खेळायचं असतं त्यांना काम हवं असतं. हे चांगलं आठवडाभर पुरेल.

प्रश्न : मी लातूरला क्लाससाठी राहतो. माझ्याकडे दोन हजारांचे ब्लूटूथ इअरबड्स आहेत. आता लॉसलेस (न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या) गाण्यांची वर्गणी घेऊन दहा हजारांचे घ्यावेत का? रूममेट म्हणतो फरक जमीन-अस्मानाचा आहे.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : लेकरा, आधी गणित. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला १४११ किलोबिटचं असतं. साध्या ब्लूटूथवरून जातात सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे लॉसलेस विकत घ्यायचं आणि कानात जाताना परत दाबून बारीक करायचं. फरक ऐकायचाच असेल तर वायरवाले इअरफोन लाव, रूममेटला तेच गाणं दोन्ही दर्जांत लावू दे, तू डोळे मिटून ओळख.

तुझ्या वयाला मला काळजी दुसरीच वाटते. खोलीत सहा जण, खाली रस्ता, अभ्यासिकेत पंखे, म्हणून आवाज वाढवत नेला जातो. ८० डेसिबलला आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ९० ला गेलास की तेच ४ तासांवर येतं. कानाला नीट बसणारी रबरी टोपी लाव. ती बसली की बाहेरचा गोंगाट कमी होतो, आवाज खाली आणता येतो आणि खालचे सूरही भरतात. डब्यात तीन मापांच्या टोप्या आलेल्या असतात, बहुतेक पोरं मधली सोडून दुसरी लावूनही बघत नाहीत.

प्रश्न : वय ७१. माझ्याकडे जुना असेंबल अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर आहेत. उजव्या बाजूला खरखर येते, आवाज कमी-जास्त करताना फार. रेकॉर्डचा आवाजही हल्ली फाटल्यासारखा येतो. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे भंगार काढा, दिवाळीला होम थिएटर आणतो.’ त्याचं मन मोडवत नाही. काय करू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : काका, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते म्हणजे पॉटमध्ये, त्या बटणामागच्या फिरत्या भागात, धूळ बसली आहे. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ झाकण असलेल्या डब्यातही शिरते, तो तर अँप्लिफायर. प्लग काढून ठेवा, घरी उघडू नका, आतले मोठे कंडेन्सर वीज धरून ठेवतात. दुरुस्तीवाल्याला सांगा, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मार, पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरव आणि तेवढ्यात पॉवर सप्लायचे कंडेन्सर बघून घे. डोक्यावर फुगलेले किंवा बुडाशी गळलेले असतील तर बदलायचे. उष्णतेने ते सुकतात आणि मग ‘हम्म’ असा आवाज धरतो. स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोमचा गोल बोटाने हलकेच दाबून बघा. भुगा झाला तर तो गोलही बदलून मिळतो, स्पीकर टाकावा लागत नाही.

होम थिएटर तुमच्या कामाचं नाही. तुमच्या वयाच्या माणसाकडच्या जुन्या रेकॉर्डी निम्म्या तरी मोनो असणार. एकाच माइकने टिपलेला गाणारा पाच स्पीकरांत वाटला म्हणून पाच होत नाही. शिवाय सत्तरीत आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं आपल्याला ऐकूच येत नाही. जाहिरातीतली सगळी चकाकी तिथेच असते. माणसाचा आवाज, हार्मोनियम, तबला हे मुख्यतः त्याच्या कितीतरी खाली आहे, तिथे तुमचा कान शाबूत असेल. शंका वाटली तर कानाच्या डॉक्टरकडून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, काढून घ्या. नाहीतर दोष कानात आणि खर्च स्पीकरवर, असं व्हायचं.

मुलाचं मन मोडायची गरज नाही, त्याचे पैसे लागणारच आहेत. रेकॉर्डचा फाटका आवाज बहुतेक सुईचा आहे. हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई दर वेळी खोबणी खरवडत जाते. त्या रेकॉर्डी पुन्हा मिळायच्या नाहीत. म्हणून नवी येईपर्यंत प्लेअर लावूच नका. ही खरेदी लांबवू नका, यात मोह काही नाही. मुलाला कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते त्या डबीचा) पुढून आणि बाजूने स्पष्ट फोटो पाठवा, त्यावर नंबर छापलेला असेल तर तोही. पुण्यात नुसतं ‘जुन्या प्लेअरची सुई द्या’ म्हटलं तर दुकानदार हाताला येईल ती देईल आणि ती बसणार नाही.